डीका आजीची झाडं

त्या रेकॉर्डरवर धप्पकन बसून त्याचा चुरा करावा, असं योरिकाला वाटत होतं.

आज डीका आजीचा ऐंशीवा वाढदिवस. खोलीभर खुर्च्यांचं रिंगण, हातात कॉफी आणि माणशी केकचा एकच तुकडा. डच रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, अगदी शेजाऱ्याचंसुद्धा! योरिकाने तेही निमूट केलं, कारण तिला शब्द हवे होते.

शाळेच्या शेवटच्या प्रकल्पाचा विषय तिनेच हट्टाने घेतला होता: एकाचे अनेक कसे होतात? डच माणूस अनेकवचनासाठी शब्दाला शेपूट लावतो, 'एन' नाहीतर 'स'. 'किंडेरेन', म्हणजे 'मुलं', म्हणताना तर जुनी शेपटी पुरेना म्हणून तिच्यावर आणखी एक, स्वेटरवर स्वेटर! पण आजीच्या ट्वेंटे भागातल्या बोलीत अजून शब्दाच्या पोटातला स्वरच बदलतो, शेजारच्या जर्मनांसारखा. सोमवारपर्यंत त्याचं रेकॉर्डिंग दिलं नाही, तर ओस्टरलिंग सर तो भागच उडवणार होते. तिचा सगळ्यात लाडका भाग!

"आजी, बाहेर ती काय आहेत?" तिने खिडकीबाहेरच्या ओकच्या झाडांकडे बोट केलं.

आजी ताठ बसली आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं शुद्ध डचमध्ये 'झाडं' म्हणाली, "बोमेन."

"अगं, सकाळी फोनवर वेगळंच म्हणालीस ना!"

"सकाळी पाहुणे नव्हते, बाळ."

"मी पाहुणी?"

"तू शाळेतल्यासारखी बोलतेस," खेरिट काका केक चघळत म्हणाले. "आणि शाळेत बोली बोललं की मास्तर कान पिळायचे. अजून दुखतोय बघ!"

योरिकाचं डोकंच सणकलं. आजवर नुसती ऐकलेली बोली तिच्या तोंडून वेडीवाकडी बाहेर पडली, "मग घाला ती सगळी झाडं चुलीत!"

मग अख्खं रिंगण खदखदून हसलं.

"काय म्हणाली ही? झाडांना 'ब्योमं' म्हण, पोरी!"

"छे, आमच्याकडे नुसतं 'ब्योम'!"

"तुमच्याकडे काय, कोंबडेसुद्धा चुकीचे आरवतात!"

सगळे एकदम बोलत होते, आणि सगळे बोलीत! रेकॉर्डरचा लाल दिवा जळत होता, पण त्या गलक्यात एकाचंही धड ऐकू येणार नव्हतं. शिवाय बोलीचा एकच नियम आहे असं तिने झोकात लिहून ठेवलेलं. आता सगळं पुन्हा लिहा!

"सोमवारपर्यंत कसं होणार, आजी?" ती रडकुंडीला आली.

आजीने तिच्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला. या घरात असं कधी घडलं नव्हतं.

"ते यंत्र इकडे आण," आजी बोलीतच म्हणाली. "आणि खेरिटचं काही ऐकू नकोस."