जिन्यावरचे कार्ड

मी एक जुना बोर्ड आहे. बुचाचा. शाळेत सूचना लावायला असतो ना, मित्रांनो, त्याच जातीचा. पण माझ्या वाट्याला सूचना कधी आल्या नाहीत. गोष्टी आल्या.

एका सुताराने मला लाकडी चौकटीत बसवले आणि एका लेखकाच्या टेबलासमोर ठोकले. हे लेखक आधी कादंबऱ्या लिहीत, पुढे चित्रपटांच्या पटकथाही लिहू लागले. त्यांची रीत अशी, की एका कार्डावर एकच प्रसंग, तोही दोन-तीन ओळींत. मग ते कार्ड टाचणीने माझ्या अंगावर. प्रसंग मागेपुढे करायचा, तर टाचणी उपटून दुसरीकडे खुपसायची. टोचत असे, पण मी त्यासाठीच तर होतो.

लेखक ही मोठी गमतीची जात. लिहायला बसण्याआधी यांना टेबल पुसावेसे वाटे, सगळ्या पेन्सिलींना टोक करावेसे वाटे, एरवी ढुंकून न पाहिलेल्या कुंडीला पाणी घालावेसे वाटे. मग कार्डे हलवण्यात सकाळ जाई, आणि जेवताना ते बायकोला सांगत, की आज पुष्कळ काम झाले. ती माझ्याकडे पाही. मी गप्प.

आणखी एक खोड होती. घरात बोललेले काही वाया जात नसे. बायकोचा टोमणा, शेजाऱ्याचे रडगाणे, मेहुण्याची बढाई, सगळे आठवड्याच्या आत माझ्यावर टाचलेले दिसे. "जपून बोला," बायको पाहुण्यांना सांगे, "नाहीतर बोर्डावर जाल." पाहुणे हसत. जे बोर्डावर जात, त्यांना मात्र पुढे हसू येत नसे.

एकदा लेखकांची ताई राहायला आली. वडील नुकतेच गेले होते, आणि त्यांचे सगळे आजारपण तिने एकटीने काढले होते. याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने भावाला एक गोष्ट सांगितली. एका दुपारी वडील आतून पाणी मागत होते. ती जिन्यावर बसली होती. हाका ऐकू येत होत्या, पण तिला उठवेना. मग उठली, पाणी दिले. "पण मधला तेवढा वेळ अजून मनातून जात नाही रे," ती म्हणाली. "कुणाला सांगितलेलं नाही हे."

भावाने तिच्या हातातल्या चादरीचे दुसरे टोक धरले आणि दोघांनी मिळून घडी घातली. मला वाटले, गोष्टही तिथेच मिटली.

काही महिन्यांनी कार्ड आले. 'दुपार. बाप पाणी मागतो. मुलगी जिन्यावर बसून राहते.' एवढेच.

मित्रांनो, पटकथा लिहिणाऱ्यांना शिकवलेले असते, की प्रसंग उशिरा सुरू करा आणि लवकर तोडा. चटका बसला, की पुढचे गाळा. ज्यांच्यासाठी ही पटकथा चालली होती, त्या दिग्दर्शकांनी ते कार्ड वाचले आणि ते उभेच राहिले. या प्रसंगासाठीच मी हा चित्रपट करणार, असे म्हणाले. माझ्यावरच्या कोणत्याही कार्डाची इतकी स्तुती झाली नव्हती. ते मधोमध आले, आणि बाकीचे त्याच्याभोवती.

मग ताई पुन्हा आली. सहज खोलीत डोकावली आणि माझ्यासमोर थांबली. लेखक दारापर्यंत आले, तेही तिथेच थांबले.

"मी पाणी दिलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे, ताई. पण सीन तिथे संपतो."

"तुझा संपतो. मी उठून आत गेले होते."

लेखकांनी पुढे होऊन टाचणीला हात घातला, काढून टाकतो म्हणाले. ताईने त्यांचा हात धरला.

"राहू दे. मी बसले होते, ते खरंच आहे. पण मला आत जाऊ दे."

त्याच दिवशी शेजारी दुसरे कार्ड आले. 'मुलगी उठते. पाणी घेऊन आत जाते.' ते पाहून दिग्दर्शकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचे म्हणणे, धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर, चूक नव्हते. बाई जिन्यावर राहिली, तर लोक तिला मनात घेऊन घरी जातील. आत गेली, तर सुस्कारा टाकून विसरतील. हे एक कार्ड काढा, उद्यापासून कामाला लागू, असे ते म्हणाले.

लेखकांनी दोन्ही कार्डे पुन्हा एकदा वाचली.

"ती आत जाते," ते म्हणाले.

दिग्दर्शकांनी दुसरा लेखक पाहिला. आमचा चित्रपट काही झाला नाही. बाकीची कार्डे हळूहळू उतरली, ती दोन राहिली. आता लेखक संगणकावर प्रसंग हलवतात. तिथे कुणाला टोचत नाही. माझ्या बुचाचा भुगा होऊन खाली पडतो, आणि झाडताना बायको कुरकुरते.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. टाचणी उपटताना दुसऱ्या हाताने बूच दाबून धरा, म्हणजे त्याचा लचका निघत नाही. आणि कुणाचे दुःख आपल्या गोष्टीत घ्याल, तेव्हा ते शोभेल तिथे तोडू नका. ते माणूस जिथवर गेले, तिथवर त्याच्याबरोबर जा.

ताई आली, की अजून आधी माझ्यापाशी येते. दुसऱ्या कार्डाची टाचणी सैल झालेली असते. ती अंगठ्याने पुन्हा आत दाबते. तेवढे टोचणे मी अजून धरून ठेवू शकतो.