तगर म्हणून वाढलेला अनंत

मित्रांनो, मी अनंताचे झुडूप. पेडणे तालुक्यातल्या हळर्ण गावी, सगुण आणि देवकी यांच्या घरासमोर मी उभा आहे. आज माझ्या फुलांचा वास पार रस्त्यापर्यंत जातो. पण माझे बालपण मात्र परक्या नावाखाली गेले.

माझा जन्म मांद्र्याचा. देवकीची सून सुविधा माहेरहून निघाली, तेव्हा तिच्या आईने, यशोदेने, ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फांद्या दिल्या. एक अनंताची, एक तगरीची. इथे आल्यावर एक कुजली, एक जगली. तगर कुठेही रुजते, अनंत पडला नाजूक. म्हणून जगलेली फांदी तगरीचीच, असे सगळ्यांनी धरून चालले. मी नाव सांगावे, तर झाडाला तोंड कुठे?

विहिरीजवळ तगरी भरपूर होत्या. त्यामुळे मला कोपऱ्यात, फणसाच्या दाट सावलीत जागा मिळाली. पुढे मांद्र्याच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि माझे मूळ झाड तोडले गेले. ती बातमी आली त्या दिवशी सुविधा माझ्याशेजारी कपडे वाळत घालता घालता रडली.

"आयचो अनंत गेलो, आनी माजोय जगलो नाय," ती म्हणाली.

मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो, मित्रांनो! किती वाईट वाटले म्हणून सांगू!

मग कुंपणाची भिंत झाली. उरलेला सिमेंटचा चुरा माझ्या मुळाशी पडला. माझी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. फुलाचे तर नावच नको. शेवटी एका सकाळी सगुण कोयता घेऊन आले.

"पानां पिवळी, फूल नाय. कित्याक ठेवची ही तगर?" असे म्हणत त्यांनी माझी एक फांदी छाटली.

देवकीने ती फेकायला उचलली आणि तशीच थांबली. रोज पूजेला तगर खुडून तिची बोटे चिकट होत. आज ती कोरडी!

"थांबा हो! हेका चीक नाय. ही तगर न्हय!"

सुविधा पिठाच्या हातांनी धावत आली. तिने विहिरीजवळच्या तगरीचे पान तोडले. पांढरा चीक टपकला. माझे पान तोडले, काही नाही. मग तिने माझ्या जाड, चकचकीत पानावरून, खोल शिरांवरून बोट फिरवले.

"आई, हो आमचो अनंत!"

"फुलल्याबिगर मी मानूचंय नाय," सगुण म्हणाले. पण कोयता ठेवून कुदळ त्यांनीच आणली.

मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फोडता त्यांनी मला अलगद उचलले. सकाळचे ऊन मिळेल अशा जागी तांबडी माती, कुजलेला पाला आणि जुने शेणखत घालून मला लावले. आता माझे लाड सुरू झाले. सुविधा सकाळी पाणी घाली. देवकी दुपारी घाली. आणि कोणाचे लक्ष नाही असे बघून सगुणही संध्याकाळी तांब्या ओतून जात! माझी मुळे गुदमरली. आलेल्या कळ्या गळून पडल्या.

"जीव घेतल्यात त्याचो!" देवकी दोघांवर डाफरली. सुविधाने हळूच विचारले, "आई, दुपारचो तांब्यो कोणाचो?" मग तिघेही हसत सुटली. त्या दिवसापासून आधी मातीत बोट घालून बघायचे आणि माती सुकली असेल तरच पाणी द्यायचे, असे ठरले.

वैशाखात पुन्हा कळ्या आल्या, हिरव्या आणि पीळदार. एक उमलली. सगुणांनी वाकून वास घेतला आणि आत जाऊन ते सुनेला म्हणाले, "तुज्या आयक फोन कर."

यशोदा पेडण्याला बस बदलून आली. फाटकातच थबकली.

"हो वास खंयचो?"

"तुज्याच अनंताचो, आय."

ती घरात गेलीच नाही. पिशवी खांद्याला तशीच, ती माझ्यापाशी खाली बसली. विहिणीचा मान नको, पाणी नको. ऊन कलले तेव्हा तिने फूल मागितले. तोवर ते पिवळसर झाले होते.

"दुसरां येतलां, ताजां घे," देवकी म्हणाली.

"असू दी गो, वास ताजोच आसा," म्हणत तिने ते केसांत माळले.

मित्रांनो, तुमच्या अंगणात एखादे झाड फुलत नसेल, तर त्याला निकामी म्हणू नका. ते कोण आहे ते विचारा, त्याला काय सोसत नाही ते बघा आणि थोडी वाट पाहा. आमच्याकडे वेळ पुष्कळ असतो. तुम्हीच जरा घाई करता.