बसून यावे

नियमांचा तो फलक दवाखान्याच्या खोलीबाहेर लागला त्या दिवशी सिस्टरने तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि तिला खरोखरच मळमळलं. वृद्धांच्या या निवासात ती बावीस वर्षं नोकरी करत होती. ओकाऱ्या, मूत, पू, सगळं तिने निस्तरलं होतं आणि त्यानंतर शांतपणे जेवलीही होती. पण निळ्या अक्षरांची, कोपऱ्यात फुलाचं चित्र असलेली ही पाटी काही तिच्या घशाखाली उतरेना.

भानगड होती एका शब्दाची. निवासाला परवानगी होती ती 'बाह्यरुग्ण' तपासायची. तळमजल्यावर एक खोली, दर गुरुवारी दहा ते बारा एक डॉक्टर. इतकी वर्षं डॉक्टर यायचे, खालच्यांना खाली बघायचे, आणि ज्यांना उतरवत नाही त्यांच्यासाठी जिना चढून वर जायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग व्यवस्थापक म्हणून नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी परवानगीचा कागद काढून त्या शब्दाचा कीस पाडला. बाह्यरुग्ण म्हणजे बाहेरून येणारा. पलंगावर पडल्या पडल्या तपासला की तो झाला आंतररुग्ण, आणि आंतररुग्ण ठेवायला आपण काही इस्पितळ नाही! म्हणून फलक. रुग्णाने मुख्य दारातूनच यावे. चालत अथवा बसून यावे. आडव्या अवस्थेतील रुग्ण बाह्यरुग्ण समजला जाणार नाही. राहत्या खोलीत तपासणी होणार नाही.

"अहो मॅडम, ही माणसं राहतात इथेच," सिस्टर म्हणाली होती. "ती बाहेरून येणार कुठून?"

"मागच्या दाराने बाहेर न्यायचं, पुढच्या दाराने आत आणायचं. पाच मिनिटांचं तर काम. पुढे कॅमेरा आहे, नोंद होते. सगळं कसं स्वच्छ."

मॅडमना 'स्वच्छ' हा शब्द फार आवडायचा.

तेव्हापासून दर गुरुवारी हा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. नव्वदीची माणसं काठ्या टेकत, चाकाच्या खुर्च्यांतून, स्वयंपाकघरामागच्या दाराने बाहेर पडायची. ओल्या कचऱ्याच्या पिंपांना वळसा घालायची, भिंतीच्या कडेने फुटपाथवरून अर्धी इमारत फिरायची, आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी दाखल व्हायची. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, असं सिस्टरला दर वेळी वाटे, आणि ते डोकं आपण रोज सकाळी नमस्कार करतो तेच आहे हे आठवून तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. नमस्कार मात्र ती करत राहिली.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या एक्स्चेंजबाईंना जखम झाली, आणि झाली ती नेमकी माकडहाडावर.

एक्स्चेंजबाई हे निवासातल्यांनी ठेवलेलं नाव. शहाऐंशी वर्षांच्या या आजी अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडत होत्या. आता डोळे जवळजवळ गेले होते, कंबरेखालचं अंग साथ देत नव्हतं, जीभ मात्र शाबूत होती. एका शनिवारी त्यांनी बेल दाबून सिस्टरला बोलावलं आणि म्हणाल्या, "खाली काहीतरी जळतंय गं." पडून पडून कातडी लाल झाली होती. सिस्टरने पुसलं, पावडर लावली, कुशीवर वळवलं आणि सांगितलं, गुरुवारी दाखवू.

पहिल्या गुरुवारी सिस्टरने डॉक्टरांना वर चलण्याची विनंती केली. डॉक्टर तरुण होते, गोड बोलायचे. "मला वर यायला काहीच हरकत नाही हो," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. दुसऱ्या गुरुवारी तिने आजींना स्ट्रेचरवर घालून सगळा वळसा पार केला, तर दारावरच्या नोंदणीवाल्याने फलकाकडे बोट दाखवलं. आडव्या आहेत, परत न्या. तिसऱ्या गुरुवारी डॉक्टर रजेवर. तोवर कातडी फुटली होती. सिस्टर रोज धुऊन पट्टी बदलायची, पण औषध लिहून द्यायचा अधिकार तिला नव्हता, आणि मोठ्या इस्पितळात न्यायचं तर डॉक्टरांचीच चिठ्ठी लागे. चौथ्या गुरुवारी सकाळी आजींना ताप भरला होता आणि पट्टी सोडताच खोलीभर जो वास सुटला तो सिस्टरच्या चांगला ओळखीचा होता. आज डॉक्टरांनी पाहिलं नाही तर पुढच्या गुरुवारी पाहायला आजी राहणार नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणजे आजींना बसता येत नव्हतं, ही तक्रार. आणि ती सांगायला त्यांनी बसून यायचं.

"बसते," आजी म्हणाल्या. "काय व्हायचं ते होऊ दे. जोड एकदाचा माझा कॉल."

निवासात कामाला असलेल्या मावशींनी एका उशीला मधोमध भोक पाडून त्यातला कापूस उपसला. दोघींनी मिळून आजींना खुर्चीत उतरवलं. आजींच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली. लिफ्टने खाली, मागच्या दाराने बाहेर. पिंपांपाशी काल उरलेल्या भाताचं पाणी सांडलं होतं, त्यातून चाकं घसरत गेली. फुटपाथच्या प्रत्येक फुटक्या लादीला आजी डोळे मिटून घ्यायच्या.

"आयुष्यभर लोकांना सांगितलं, लाइनवर थांबा," त्या पुटपुटल्या. "त्याची फेड चाललीय बघ."

मावशी हसल्या आणि लगेच पदराने डोळे पुसू लागल्या.

दारावर नोंदणीवाला वही उघडून बसला होता. गेली तीन वर्षं तो आजींना ओळखत होता. त्याने विचारलं, "कुठून आलात?"

"वरून," आजी म्हणाल्या.

"वरून असं लिहिता येत नाही."

"मग खालून लिही. वर जायचं अजून बाकी आहे."

नोंदणीवाल्याने 'बाहेरून' असं लिहिलं आणि अकरा नंबरचा बिल्ला दिला. आत चौथा नंबर चालू होता. सिस्टरने दार ढकलून डॉक्टरांना सांगितलं, आधी यांना घ्या, यांना बसवत नाही. डॉक्टरांनी मान हलवली, अगदी सहानुभूतीने. "मला कळतंय हो. पण रांग मोडली की बाकीचे तक्रार करतात."

बाकीचे म्हणजे बाकावर बसलेली सात म्हातारी माणसं. त्यांतल्या एकानेही तक्रार केली नसती, पण त्यांना विचारणार कोण?

सव्वा तास गेला. दर पाच मिनिटांनी सिस्टर आणि मावशी आजींना काखेत हात घालून वर उचलायच्या, जरा वेळ अधांतरी धरायच्या आणि पुन्हा टेकवायच्या. घामाने आजींचे केस कपाळाला चिकटले होते. वास आता दालनभर पसरला. तेवढ्यात मॅडम आपल्या खोलीतून बाहेर आल्या. सिस्टरला वाटलं, बघतील, काहीतरी बोलतील. मॅडमनी हातातला डबा वर धरला आणि आजींच्या खुर्चीभोवती गुलाबाच्या वासाचा फवारा मारला. फुस्स, फुस्स. मग खिडकी उघडली आणि आत निघून गेल्या. गुलाब आणि पू यांचा तो एकत्र वास नाकात शिरला तेव्हा सिस्टरला बावीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर हात ठेवून कोपऱ्यात जावं लागलं. एवढी किळस तिला कुठल्याही जखमेची आली नव्हती.

अखेर अकरा नंबर पुकारला. टेबलावर आजींना कुशीवर घेतलं, सिस्टरने पट्टी सोडली. डॉक्टर वाकले आणि एक पाऊल मागे सरले. बोट जाईल एवढा खड्डा होता.

"हे इतके दिवस का नाही आणलं?"

"मी तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी वर बोलावलं होतं."

"सिस्टर, तोंडी सांगितलेलं मी कसं धरायचं?" डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. पण ते घाबरले होते. त्यांनीच फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि भराभर चिठ्ठी लिहिली. शेवटी जरा थबकले, एक ओळ आणखी लिहिली आणि कागद सिस्टरपुढे सरकवला. "खाली सही करा. चिठ्ठी त्यांच्यासोबत द्या."

रुग्णवाहिकेचे दोघेजण आले. त्यांनी आजींना स्ट्रेचरवर कुशीवर निजवलं आणि बाहेरच्या दालनात आणलं. सिस्टर कागद हातात धरून बाजूला उभी होती.

"काय लिहिलंय गं? वाच," आजी म्हणाल्या.

सिस्टरने वाचलं. जखम कुठे, किती खोल, ताप किती, तातडीने दाखल करून घ्यावे.

"आणि?"

"बस, एवढंच."

"एक वाक्य गिळलंस तू. अडतीस वर्षं नुसते आवाज ऐकलेत मी. वाच ते."

सिस्टरने ती ओळ वाचली. "रुग्णाने उपचारासाठी येण्यास विलंब केला."

आजींनी विनोद केला नाही.

"मी विलंब केला?" त्या हळूच म्हणाल्या. "सव्वीस दिवस बेल दाबतेय मी. पहिल्या दिवशी कोण आलं होतं?"

"मी," सिस्टर म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी?"

"मीच."

"आणि दर वेळी काय म्हणालीस?"

"गुरुवारी दाखवू."

आजींच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सिस्टरला सोसवेना. इतके दिवस ती मॅडमना, डॉक्टरांना, त्या फुलाच्या पाटीला मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि तेवढ्यावर स्वतःला चांगली समजत होती. दोनच तर जिने होते. डॉक्टरांची बाही धरून तिला त्यांना वर ओढता आलं असतं. थेट इस्पितळाला फोन लावून भांडता आलं असतं. फार तर नोकरी गेली असती. ती मूग गिळून बसली, रोज ती जखम आपल्या हाताखाली मोठी होताना पाहत राहिली, आणि रोज गुरुवारचं नाव सांगून खोलीतून निघून गेली. आता जी किळस वर आली तिला दुसऱ्या कुणाचा चेहरा लावता येईना.

तिने नोंदणीवाल्याच्या टेबलावर कागद ठेवला. डॉक्टरांच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं. सही केली.

"काय लिहिलंस?" आजींनी विचारलं.

"रुग्ण सव्वीस दिवस..."

"मोठ्याने वाच."

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. डॉक्टरही बाहेर आले होते. बाकावरची माणसं माना वळवून ऐकत होती. सिस्टरने कागद समोर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"रुग्ण सव्वीस दिवस बेल वाजवून सांगत होती. दर वेळी मी गेले, जखम पाहिली आणि डॉक्टरांना तिच्यापर्यंत आणलं नाही. डॉक्टर वर आले नाहीत, कारण तसा नियम आहे. विलंब रुग्णाने केलेला नाही. आम्ही केला."

"सिस्टर, चिठ्ठीवर असलं लिहिता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"लिहिलंय," सिस्टर म्हणाली आणि कागद रुग्णवाहिकेवाल्याच्या हातात दिला.

आजींनी चाचपडत तिचं मनगट शोधलं, एकदा दाबलं आणि सोडलं. दोघेजण स्ट्रेचर घेऊन निघाले. मॅडम काहीतरी बोलायला पुढे आल्या, पण त्याआधीच बाकाच्या टोकाला बसलेल्या एका आजोबांनी हात वर केला. त्यांच्या पायाला पट्टी होती, वरपासून खालपर्यंत पिवळी झालेली, आणि बसून खाली यायला त्यांना आजच जमलं होतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "माझे एकोणचाळीस दिवस झाले. माझंही लिहिता का?"