ओरेस्टचा उजवा मोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, आणि खरं सांगायचं तर अर्धाच आहे. बर्फावर हॉकी खेळणाऱ्यांचे मोजे जोडीनं जन्मतात. मी त्यातला उजवा.

क्वेबेकमधल्या एका गावात बायका यंत्रावर मोजे शिवत, तिथं माझा जन्म झाला. बाहेरून जाड चामडं, तळव्याला मऊ कातडं. त्या काळी सगळ्या संघांचे मोजे तपकिरीच असत. सडबरीच्या, खालच्या लीगमधल्या संघानं मला घेतलं आणि ओरेस्ट स्टादनिकच्या हाती दिलं. सस्कॅचवानच्या गव्हाच्या शेतातून आलेला हा उंचापुरा गडी. आपल्या चपळ, किरकोळ अंगाच्या खेळाडूंना कुणी आडवं पाडलं, की त्याच्याशी मारामारी करणं ही ओरेस्टची नोकरी होती.

आता मारामारीचा रिवाज असा, की आधी मोजे काढून बर्फावर फेकायचे. मोजा घालून मारतो तो भेकड. म्हणजे पाहा, धनी ज्या कामासाठी गाजला, नेमक्या त्याच वेळी मी जमिनीवर! सात वर्षांत त्यानं मला एकशे त्र्याहत्तर वेळा फेकलं. मी मोजलंय, उताण्या पडलेल्या मोज्याला दुसरा उद्योग नसतो. त्याच सात वर्षांत त्याचे गोल झाले नऊ. ते नऊ मात्र माझ्या हातचे.

वर्तमानपत्रात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आकडे छापत: गोल किती, दुसऱ्याच्या गोलाला मदत किती, मारामारीपायी बाहेर बसायच्या शिक्षेची मिनिटं किती. ओरेस्टच्या आईला इंग्रजी वाचता येत नसे. ती शेवटचा आकडा पाहायची आणि चर्चच्या अंगणात शेजारणींना सांगायची, की आमच्या पोराचे दोनशे झाले, अख्ख्या संघात सगळ्यांत जास्त. बापाला खरं ठाऊक होतं. तो बाजूला टोपी हातात फिरवत उभा राहायचा.

ओरेस्टला एकच हवं होतं. सगळ्यांत वरच्या लीगमध्ये एक गोल. दोन नकोत. एक झाला की बापाला टोपी फिरवावी लागणार नव्हती.

पण वर त्या काळी सहाच संघ. कुणाचं हाड मोडल्याशिवाय जागा होत नसे. एका फेब्रुवारीत टोरँटोच्या खेळाडूचा जबडा मोडला आणि ओरेस्टला बोलावणं आलं. लुसियाँ हा आमचा सामानवाला, झिजलेल्या मोज्यांचे तळवे बदलून देणारा. माझा तळवा त्यानं चारदा बदलला होता, आणि तो पुन्हा पापुद्र्यासारखा झाला होता.

"वर चाललास, नवा तळवा घालून देतो," लुसियाँ म्हणाला. "नाहीतर म्हणतील, सडबरीनं भिकारी पाठवला."

"राहू दे. यातून मला स्टिक कळते. नव्यातून नुसतं कातडं कळतं."

मित्रांनो, माझं इतकं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

टोरँटोच्या प्रशिक्षकानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की गोल करायला माझ्याकडे माणसं आहेत. दोन सामने ओरेस्ट बाकावर बसला. तिसरा डेट्रॉइटशी. त्यांचा मारामारीवाला वेस पेनीकुक जवळ घसरत आला आणि, आपण चहाला विचारावं तसं, त्यानं अदबीनं विचारलं, "काय, उरकून टाकू या?" ओरेस्ट म्हणाला, "टाकू." मी बर्फावर पडलो. एकशे चौऱ्याहत्तर.

दोघांना पाच-पाच मिनिटांची शिक्षा झाली. तेव्हा भांडणारे दोघेही एकाच बाकावर बसत. मध्ये एक पोलीस. कुणीतरी आमचे चारही मोजे गोळा करून त्यांच्या पायांशी ढीग टाकला.

"नाक मोडलं का रे?" पेनीकुकनं विचारलं.

"ते आधीचंच आहे. तुझं काय?"

"दात हलतोय. रविवारी फोटो काढायचा होता, बायको जीव घेईल." मग रक्त पुसत म्हणाला, "वरती गोल किती तुझे?"

"एकही नाही."

"माझे दोन. दुसरा पाठीला लागून आत गेला. पण छापताना पाठ छापत नाहीत."

पोलीससुद्धा हसला. तेवढ्यात वेळ संपली, दार उघडलं. दोघांनी ढिगात घाईनं हात घातले. माझ्यात हात शिरला, तो जाड होता, गरम होता, पण अंगठा आखूड होता. मला कळलं. बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

ओरेस्ट बर्फावर उतरतो न उतरतो तोच या खेळात चेंडूऐवजी असते ती रबराची चकती कडेच्या फळीला आपटून थेट त्याच्यापुढे आली. पुढे कुणी नाही, फक्त गोलरक्षक. लोक उभे राहिले. सात वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते मी पाठीमागून पाहत होतो. त्याच्या उजव्या हातावर पेनीकुकचा कोराकरकरीत, ताठ मोजा होता. स्टिक हातात बसेना. त्यानं मूठ एकदा सैल केली, पुन्हा आवळली. तेवढ्या वेळात पेनीकुकनं गाठलं आणि मागून आपली स्टिक घालून त्याची स्टिक वर उचलली. चकती बाजूनं निघून गेली.

ती अडवणारी मूठ माझी होती. माझ्या पातळ तळव्यातून मला ओरेस्टच्या स्टिकचं लाकूड कळलं.

परतीच्या गाडीत पेनीकुकला मोजा परका असल्याचं उमगलं. पोस्टानं पाठवतो म्हणाला. खोकं आणलं, त्यावर ओरेस्टचं नाव लिहिलं. पण दुसऱ्याच दिवशी ओरेस्टला खाली पाठवलं होतं, मग तिसऱ्या गावी, मग चौथ्या. पुन्हा वर बोलावणं आलं नाही. नक्की पत्ता कळला की पाठवू, असं म्हणत पेनीकुकनं मला विंडसरच्या आपल्या तळघरात ठेवलं. चौतीस वर्षं. जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटायचं, आला.

गेल्या आठवड्यात पेनीकुकला त्याचा नंबर मिळाला. कमी ऐकू येतं म्हणून तो फोन मोठ्या आवाजात लावतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"स्टादनिक, तुझा उजवा माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे. तुझा मी दोन वर्षं वापरला. मऊ व्हायला एक वर्ष गेलं मेल्याला."

"आणि तुझा डावा?"

"बायको त्यानं भट्टीतून पाव काढायची. संपला."

दोघे हसले.

"उद्या पाठवतो," पेनीकुक म्हणाला.

"आता कशाला? सांधे सुजून बटाटे झालेत. आत जायचा नाही हात." मग ओरेस्ट म्हणाला, "बरं, पाठवच. मांडीवर तर ठेवता येईल."

मित्रांनो, तेव्हापासून मी टेबलावर खोक्यात पडून आहे. पेनीकुकचीही बोटं वाकडी झाली आहेत. चार दिवस तो सुतळीची गाठ मारतो आहे, आणि ती सुटते आहे. म्हणून सांगतो, दुसऱ्याची वस्तू आपल्या घरी आली असेल तर बोटं चालतात तोवर ती परत करा.