शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या अंगणातल्या गाडीला ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटच्या पायाशी. क्लचही तसाच, दोन्हीकडे. ही शिकवणीची गाडी. हिच्यावर माझ्या बायकोनं अर्ध्या गावाला गाडी शिकवली. लोक तिला मास्तरीणबाई म्हणतात आणि मला मास्तरीणबाईंचे ते. माझी हयात सुतारकामात गेली. गाडी मी कधी शिकलो नाही. घरात एक हाकणारं माणूस असलं की दुसऱ्यानं गुमान बसावं, असं माझं मत.

मग तिला विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग शेगडी, मग माणसं. एका दुपारी गाडी घेऊन निघाली ती लांब नदीच्या पुलापाशी सापडली. गाडी कडेला नीट लावलेली, आणि ही आत स्वस्थ बसलेली. "विद्यार्थी आला नाही अजून," म्हणाली. तेव्हापासून गाडी अंगणातच उभी आहे. उभ्या उभ्या बॅटरी उतरत गेली आणि एके दिवशी पार संपली. लेक म्हणाली, "बरं झालं." मलाही तेच वाटलं. गाडीची देखभाल तेवढी माझ्याकडे आली.

बंद गाडीचं करणं म्हणजे झोपलेल्या पोराचं करणं. आवाज न करता सगळं उरकायचं. ओल्या फडक्यानं धूळ टिपायची. पंपानं हवा भरायची. हँडब्रेक ओढून ठेवला तर जखडतो, म्हणून तो सैल सोडून चाकांना विटा लावायच्या. अधूनमधून विटा काढून गाडी हातभर पुढे ढकलायची, नंतर कधीतरी हातभर मागे, नाहीतर टायर एकाच बाजूवर बसून चपटे होतात. बॅटरीच्या टोकांवर हिरवट भुकटी जमते, ती पुसायची. "मेलेल्या बॅटरीची एवढी सेवा कशाला?" लेक विचारते. भुकटीनं वायरी खराब होतात, असं मी सांगतो.

खरं कारण दुपारचं आहे. जेवणं झाली की ती पायरीवरून उठते, बाह्या सरसावते आणि गाडीत आपल्या जागेवर, शेजारच्या सीटवर जाऊन बसते.

"अहो, ऐकलंत का? नवीन विद्यार्थी आलाय का बघा जरा."

मी फाटकापर्यंत जातो, वळतो आणि विद्यार्थी होऊन परत येतो. दार उघडून आत बसलो की तिच्या 'अहो'चं 'अरे' होतं.

"काय रे, पहिलाच दिवस का?"

"हो बाई."

"केस पांढरे होईस्तोवर काय करत होतास?"

"बायको चालवायची."

"मग आता काय झालं तिला?"

"दमलीय जरा."

"दमणारच. तू जन्मभर तिच्या जिवावर उड्या मारल्यास. डावा पाय क्लचवर ठेव. किल्ली फिरव."

मी किल्ली फिरवतो. काहीच होत नाही, साधं टिकसुद्धा नाही. "ऐक," ती म्हणते, "किती मऊ आवाज आहे." पहिला गिअर पडतो, क्लच सुटतो, आणि आम्ही निघतो.

काचेपलीकडे अंगणच असतं. दोरीवर वाळत घातलेली चादर हलत असते. पण ती "पूल आला" म्हणाली की मला खालून पाण्याचा गारवा लागतो. "झाडं आली" म्हणाली की काचेवरून सावल्या सरकू लागतात. चादरीच्या असतील, पण सरकतात खऱ्या. ती डावीकडे सांगते, मी डावीकडे वळवतो, आणि आम्ही पहिल्यांदा भाड्यानं राहिलो ती गल्ली लागते. तिथं मी कुणासाठी तरी केलेलं दार अजून उभं आहे. हॉर्न बंद, म्हणून तो तोंडानं वाजवावा लागतो.

"पीं पीं."

"एवढ्यानं कोंबडीसुद्धा बाजूला होणार नाही रे."

मग मी जोरात वाजवतो आणि शेजारचं कुत्रं भुंकतं.

"समोरची पाटी वाच," ती म्हणते. अक्षरं मला तिनंच शिकवली. फार उशिरा, मला गाडीत घालून, दुकानांच्या पाट्या दाखवत दाखवत. तेव्हा पाट्या खऱ्या होत्या. आता मी मनानं वाचतो: "इथे कपडे शिवून मिळतील." "हळू चला, मुलं खेळताहेत."

"स्वच्छ वाचतोस. कुणी शिकवलं?"

"होती एक बाई. भारी कडक."

"कडकच असावं," ती म्हणते. "आज एवढं पुरे. उद्या पुढचं."

उद्या पुन्हा पहिलाच दिवस. माझी तक्रार नाही. पहिलीतून कधी वर गेलो नाही, एवढंच.

एका सकाळी जावईबापू नवी कोरी बॅटरी उचलून घेऊन आले. भला माणूस. मोडकं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात.

"बाबा, उभी गाडी म्हणजे पांढरा हत्ती. एका शिकवणीवाल्याला हवी आहे. उद्या येतोय तो. इंजिन ऐकलं की लगेच घेऊन जाईल."

"आणि दुपारी?"

"दुपारी काय?"

दुपारी आम्ही पुलापर्यंत जाऊन येतो, हे जावयाला कोणत्या तोंडानं सांगायचं? "तिला करमायचं नाही गाडीशिवाय," एवढंच बोललो.

"दोन दिवसांत आठवणारही नाही त्यांना," ते हळूच म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

ती पायरीवर मटार सोलत होती. मान वर केली नाही.

मला त्याचीच तर भीती होती. माणसं तिच्या हातून निसटली होती. माझा चेहराही कधी ओळखीचा, कधी नाही. गाडीत मात्र तिचं बोट चुकत नाही, पाय चुकत नाही. गाडी गेली तर ती बसणार कुठे? आणि मी तिला भेटायचं कुठे?

जावईबापूंनी बॅटरी बसवली, वायरी आवळल्या, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि चालू झालं. भिंतीवरची पाखरं उडाली. इतके दिवस जे नुसतं ऐकल्यासारखं करायचो ते खरोखर ऐकू आलं, तेव्हा ते परक्या माणसाच्या बोलण्यासारखं वाटलं.

ती उठली. हात पुसले. आपल्या जागेवर जाऊन बसली.

"अहो, विद्यार्थी आला का?"

मी फाटकापर्यंत गेलो आणि वळलो.

"बसा, बाबा, शेवटचं बसून घ्या," जावईबापू विटा बाजूला करत म्हणाले. "फक्त कशाला हात लावू नका. मी फाटक उघडतो आणि गाडी जरा फिरवून आणतो."

मी आत बसलो आणि ते फाटकाशी गेले. कडी गंजलेली होती. आमच्याकडे पाठ करून ते त्या कडीशी झटू लागले.

"डावा पाय क्लचवर," ती म्हणाली. पाय आपसूक गेला. "पहिला गिअर." हात गेला. "आता सावकाश..."

बंद गाडीत क्लच कसाही सोडला तरी चालतं. मी कायम कसाही सोडत आलो होतो. तसाच सोडला, आणि उजवा पाय सवयीनं ॲक्सिलरेटरवर दाबला. गाडीनं उडी घेतली. या वेळी सावल्या नाही, अख्खं अंगण सरकलं. जावईबापूंची पाठ काचेत मोठी मोठी होत आली. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून निघालं ते "पीं!"

गाडी गचकन थांबली. इंजिन जागच्या जागी किंचाळत होतं, कारण माझा पाय अजून खालीच होता. तिचेही दोन्ही पाय खाली होते, तिच्या क्लचवर आणि तिच्या ब्रेकवर. तिनं शांतपणे हात लांबवून किल्ली बंद केली.

जावईबापू वळले. गाडीत आणि त्यांच्या गुडघ्यांत वीतभर जागा होती. चेहरा पिठासारखा झालेला.

तिनं हँडल फिरवून काच खाली घेतली.

"गाडीकडे पाठ करून उभं राहतात का, जावईबापू?"

कित्येक दिवसांत तिनं त्यांना ओळखलं नव्हतं.

"आणि ती बॅटरी काढा आधी. हा अजून कच्चा आहे. कच्च्या माणसाच्या हाती चालू गाडी द्यायची नसते."

"पण आई, उद्या तो माणूस गाडी न्यायला..."

"मटार सोलताना कान बंद नव्हते माझे. सांगा त्याला, हा तयार झाल्यावर बघू."

"कधी होतील तयार?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "याचे पाय बघता काही खरं नाही."

जावईबापूंना हसू आलं की रडू, कळलं नाही. त्यांनी बॅटरी काढली. चाकांना विटा त्यांनीच परत लावल्या आणि पायानं दाबून पाहिल्या. मग तांब्याभर पाणी पिऊन, पायरीवर बसून त्यांनी फोन लावला. "नाही हो, नाही जमणार. गाडी वापरात आहे."

आम्ही दोघं अजून आतच होतो. गाडी पुन्हा गप्प झाली होती. पाखरं भिंतीवर परतली. चादर हलली तशी काचेवरून एक सावली सरकत गेली.

"चुकलं, बाई," मी म्हणालो.

तिनं हँडल फिरवून काच वर घेतली.

"अहो," ती म्हणाली, "लागलं नाही ना कुठे?"

मी मान हलवली.

"मग समोर काय लिहिलंय, वाचा बघू."

समोर फाटक होतं आणि गंजलेली कडी. "पुढे पूल आहे," मी वाचलं.

"चला तर. ऊन उतरायच्या आत पोहोचू."

मी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही, आणि आम्ही निघालो.