बाकावरून उठलेल्या बायका

मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा बाक आहे. केडगावपासून थोडं आत, नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद कॉम्प्युटर सेंटर आहे, त्याच्या ओट्यावर मी पडून असतो. एक पाय मोडलाय, तिथं वीट लावलीय. तुम्ही हळहळावं म्हणून मी बोलत नाही. मला राग आलाय, तो सांगतो.

दगडोबा सुतारानं मला दूध डेअरीसाठी केलं. रंधा मारताना म्हणाला होता, "कितीबी बसा, ह्यो कुरकुरायचा न्हाई." मी कधी कुरकुरलोही नाही. पुढं डेअरी बुडाली आणि दोन हजार सहाच्या सुमारास त्याच खोलीत सेंटर आलं. पुण्याच्या एका संस्थेचा अभ्यास चालला होता. वेगवेगळ्या गावांतली माणसं कॉम्प्युटरवर मिळून काम करतात का, करत असतील तर सरकारनं अशी सेंटरं चालवावीत का, हे त्यांना ठरवायचं होतं. कॉम्प्युटरबरोबर खुर्ची एकच आली. टायपिंग येणारी सीमा तिच्यावर बसायची. बाकीच्यांना मी.

बुद्धविहारामागं राहणाऱ्या चांगुणेचा सगळा जीव या सेंटरात होता. तिच्या पोरीला, मोनालीला रांजणगावला कंपनीत काम लागलं होतं, पण कंपनीची बस नदीपलीकडच्या, शिरूरच्या गावांतूनच फिरायची. दौंडच्या बाजूला यायचीच नाही. मोनाली कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून जायची. घरचे म्हणायचे, बस नसंल तर नोकरी सोड. नदीपलीकडच्या एका गावातही असंच सेंटर होतं, म्हणून दोन्हीकडच्या बायकांनी मिळून बसचा नवा रस्ता आखायला घेतला, कंपनीला द्यायला. स्क्रीनवर एकच पान, दोन्ही गावांत उघडलेलं. इकडं सीमा लिहायची, ते तिकडं दिसायचं. तिकडच्यांनी थांबा हलवला की माझ्यावर नुसता गलका. "अगं तितं न्हाई, पुलाजवळ घाल, पोरींला उजेड तरी आसंल." बागायतदारांची साळूबाई पहिल्या दिवशी चांगुणेला धक्का लागू नये म्हणून पार कडेला, अर्धी हवेत बसली होती. पुढं तीच चांगुणेच्या खांद्यावर हात टाकून वाचायला लागली. माझ्या आयुष्यात तेवढेच दिवस चांगले गेले.

मग अभ्यास करणारे सत्यजीत सर बघायला आले. पाहुणे दारात दिसले आणि सगळ्या बायका बाकावरून उठल्या. आपल्याकडं पाहुण्याला उभं ठेवत नाहीत ना. साळूबाईनं पदरानं मला पुसलं. सर आणि त्यांचे सोबती बसले, बायका बाहेर चहाच्या नादाला लागल्या. आत सीमा एकटी. कॉम्प्युटरमध्ये लिहिणारी म्हणून नावही तिचं एकटीचंच.

चांगुणेनं चहा दिला तेव्हा सरांनी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता इथं?"

ती लाजली. "आमी काय सर, आमी आपलं बसून आसतू. समदं सीमाच करती."

सर काही वाईट नव्हते. दिसलं आणि ऐकलं तेच त्यांनी लिहिलं, तेही माझ्यावर बसून. इथं लोक मिळून काम करत नाहीत, एक मुलगी मशीन चालवते. अहो, मला वाचा असती तर काय बिघडलं असतं?

सेंटर बंद झालं. कॉम्प्युटर टेम्पोतून गेला, बसच्या रस्त्याचं पान अर्धंच राहिलं. पलीकडच्यांना बस होतीच, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मोनालीनं नोकरी सोडली आणि वर्षाच्या आत तिचं लग्न उरकलं. साळूबाई आता रस्त्यात भेटली तर "बरी हाय का?" म्हणते आणि पुढं चालायला लागते.

मित्रांनो, मला रंग नको, नवा पायही नको. तुम्ही शिकाल, कुठल्या तरी गावात अभ्यासाला जाल. तिथं तुम्हाला पुसून जागा देतील. बसण्याआधी एवढं विचारा, की आत्ता इथून कोण उठलं. मला पुसलं तेव्हा कुणी विचारलं नाही.

चांगुणा अजून कधीमधी येते. सगळा बाक मोकळा असतो, तरी ती एका कडेला सरकून बसते आणि बाकीची जागा सोडते. मग कोणी येत नाही म्हणून उठून जाते.