कसर लागलेला मखमली झगा

मी एक जुना मखमली झगा आहे. मित्रांनो, आज माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण चारशे वर्षांपूर्वी, पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळी, लंडनमधल्या टेम्स नदीकाठच्या आमच्या नाटकघरात माझ्याइतका मोलाचा कुणी नव्हता, नटसुद्धा नाही!

मला एका उमरावासाठी शिवले होते. तो वारला आणि मी त्याच्या चाकराच्या वाट्याला आलो. चाकराला मखमल घालण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने मला नाटकघराचे मालक गॉडफ्री पेल यांना विकले. तिथे मी नाटकातल्या राजांच्या अंगावर चढलो. आमच्या बिनछपराच्या नाटकघरात दुपारच्या उन्हात माझी सोनेरी किनार झळकली की प्रेक्षक सफरचंद खायचे थांबत.

कपडेपट सांभाळणारा म्हातारा जेरोम मला झटकी, ऊन दाखवी, उसवले तिथे टाके घाली. मालक मात्र दाराआडून त्याच्यावर नजर ठेवत. पलीकडच्या नाटकघराने त्यांचे नट फोडल्यापासून त्यांना जो तो फितूर वाटे.

एकदा मला घातलेला नट रंगमंचाच्या फळ्यांतल्या चोरदारातून खाली उतरताना माझी वीतभर किनार खिळ्याला अडकून तुटली. मला ठाऊक होते. पण कपड्याला वाचा कुठली?

"पलीकडच्यांना किनार दिलीस ना?" मालकांनी जेरोमला विचारले.

"मालक, इतकी वर्षं तुमचं मीठ खाल्लं."

"म्हणूनच कुठं काय ठेवलंय ते तुला बरोबर ठाऊक!"

जेरोमने सुईदोरा खाली ठेवला आणि तो निघून गेला.

पुढे सुताराला फळ्यांखाली किनार सापडली. "अहो, आता तरी त्याला बोलवा," मालकीणबाई सिस्ली म्हणाल्या.

"पकडला जाईन म्हणून त्यानंच टाकली असेल तिथं!"

मालकांनी मला पेटीत कोंडले, किल्ली गळ्यात बांधली. जेरोमच्या जागी आलेल्या नव्या माणसाला हात लावू देईनात. त्यातच प्लेगची साथ आली, नाटकघर बंद पडले. अंधारात मला कसर लागली. जेरोमची फार आठवण येई.

साथ ओसरली. पहिल्याच खेळात राजाने हात उंचावला आणि मी खांद्यापासून टर्रकन फाटलो. सारे नाटकघर खदखदून हसले.

"कुणी केलं हे?" मालक पडद्याआड ओरडले.

"किल्ली तर तुमच्याच गळ्यात होती," सिस्लीबाई म्हणाल्या.

मालकांनी गळ्यातली किल्ली चाचपली. मग हळूच म्हणाले, "मी झोपलो असताना तू काढली होतीस का गं?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या निघून गेल्या.

मित्रांनो, कपड्याला ऊन लागते, वारा लागतो, मायेचा हात लागतो. संशयापायी तो हात झिडकारू नका.